पलूसच्या तळ्याची उष्णता

"उद्या पंप लावा आणि तळं उपसा," देशमुख साहेब म्हणाले. "प्रयोग फसला, असा रिपोर्ट देऊन मोकळे होऊ."

"तळं नाही उपसायचं, साहेब," मी म्हणाले. "मला थोडे दिवस द्या."

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. साहेब आमच्या पुण्याच्या संशोधन संस्थेचे प्रमुख, मी त्यांच्या हाताखालची इंजिनिअर. पलूसजवळच्या एका दूध केंद्रामागं आम्ही सोलर पाँड, म्हणजे उन्हाची उष्णता तळाशी साठवणारं तळं, बांधला होता. दुधाचे कॅन धुवायला तिथं रोज गरम पाणी लागे. साध्या तळ्यात तळाचं पाणी तापलं की हलकं होऊन वर येतं आणि निवतं. म्हणून आम्ही खड्ड्यात प्लॅस्टिक अंथरून तळाशी भरपूर मीठ विरघळवलं. खारं पाणी जड असतं, तापलं तरी खालीच राहतं. वरचं कमी खारं पाणी त्याच्यावर गोधडीसारखं पसरलेलं असतं.

पण तळाचं पाणी कोमटाच्या पुढं जाईना. साहेबांना वाटलं, थर मिसळले. मी त्यांच्यासमोर वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने काढून तपासले. थर जागच्या जागी होते.

"मग उष्णता गेली कुठं?"

"जमिनीत."

"जमीन तर प्रत्येक तळ्याखाली असते!"

"कोरडी असली तर चालतं. ही ओली आहे, असं वाटतंय."

साहेब पुण्याला गेले, पण पंप आणायचं थांबवून गेले.

तळ्याच्या चारी बाजूंना मी लोखंडी पाइप ठोकून घेतले आणि त्यांत थर्मामीटर सोडले. चढाच्या बाजूच्या पाइपात गार पाणी लागलं. उताराच्या बाजूला, तळ्यापासून बरंच लांब, पाणी चक्क उबदार! जमिनीतलं पाणी तळ्याखालून वाहत होतं आणि जाताना आमची उष्णता घेऊन जात होतं.

चढावर सुभेदार पवारांचा ऊस होता. फौजेतून निवृत्त झालेले, आवाज करडा. पाइप बघून ते तडक आले.

"बाई, तुमचं तळं फुटलंय म्हनत्यात. माझी जमीन खारवली तर?"

मी उताराकडच्या पाइपातलं पाणी ओंजळीत घेऊन प्यायले. त्यांनीही चाखलं.

"आवं, गोडं हाय की!"

"म्हणजे तळ्याचं प्लॅस्टिक शाबूत आहे. फक्त उष्णता जातेय. सुभेदार, मला तुमच्या बांधालगत चर खणायचा आहे. तळ्याच्या तळापेक्षा खोल. मुरणारं पाणी तळ्याखाली जाण्याआधीच ओढ्याला काढून देते."

"आन् माझ्या उसाचं पानी?"

"बांधाकडचा ऊस पिवळा का पडलाय? मुळं पाण्यात कुजतायत. चराचा तुम्हालाही फायदाच आहे."

ते बांधापर्यंत गेले, एक ऊस उपटून मुळं बघितली. "लय वास मारतंय," म्हणाले. "खना. पर बांध सरळ ऱ्हायला पायजे."

चर झाला. उताराकडचे पाइप हळूहळू कोरडे पडले. तरी पाणी लगेच तापलं नाही. तळ्याखालची जमीन आधी तापावी लागते, तोवर ती उष्णता खातच राहते. साहेबांची पत्रं येत राहिली. मी प्रत्येक वेळी तेच उत्तर दिलं: थांबा.

उन्हाळ्यात साहेब आले. तळातल्या खाऱ्या पाण्यातून फिरवलेल्या नळीत गोडं पाणी तापून कॅन धुण्याच्या टाकीला जात होतं. त्यांनी नळीला हात लावला आणि झटकन मागं घेतला.

"भाजलं की हो!"

"तेच तर हवं होतं, साहेब."

पुढच्या तळ्याची जागा बघायला गेलो, तेव्हा साहेब ऊन किती पडतं ते विचारत होते. मी आधी खड्डा खणायला लावला. ऊन सगळीकडं सारखंच पडतं. पाणी किती खाली लागतं, ते खणल्याशिवाय कळत नाही.