वेगळी खाट

हे माझ्या तोंडून अजून कुणीही ऐकलेलं नाही. नवऱ्यानं नाही, सासूबाई गेल्या त्यांनीही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण आता लपवायचाही कंटाळा आलाय.

सत्तरच्या आसपास आम्ही प्रताप नगरात राहायला आलो, तेव्हा आमच्या गल्लीत मोजकीच घरं होती. समोर सुशीला राहायची. तिच्या बैठकीत बुद्धाची तसबीर होती. तिच्या सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक, आणि त्यावर कुणी चकार शब्द काढत नसे. आम्ही शिकलेल्या ना. जातबीत मानत नव्हतो — निदान बोलताना तरी.

उन्हाळ्यात पापडांचे दिवस लागायचे. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. ज्या घरी उडदाचं पीठ कुटलं, तिथे साऱ्या जणी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन हजर. सुशीलाही यायची. तिच्याइतका पातळ पापड गल्लीत कुणाला जमत नसे. कच्च्या लाट्या तेलात बुडवून खायच्या, सासवांची टर उडवायची. माझी तर ती जिवाभावाची मैत्रीण — कोणत्या तोंडानं म्हणू आता? पण होती.

तिच्याकडचा दिवस मात्र कधी लागलाच नाही. तू कशाला त्रास घेतेस, म्हणायचो आम्ही. किती गोड बोलायचो.

गल्लीत कुणी विषय काढलाच असता, तर हे जुन्या बायकांचं सोवळं म्हणून सगळे मोकळे झाले असते. तसं नव्हतं ते. सुरुवात कुणी केली, ते मला माहीत आहे.

त्या पहिल्या उन्हाळ्यात पहिला दिवस माझ्याकडे होता. दुपारी बायका गेल्या आणि मी पापड वाळत घालायला गच्चीवर गेले. प्रत्येकीचं सूप वेगळं, त्यामुळे कुणी काय लाटलं ते कळत होतं. सुशीलाचं सूप उचललं आणि — थांबले. तिचे पापड मी दुसऱ्या खाटेवर घातले. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. शेजारणी माझ्याकडे खाणं सोडतील, एवढंच डोक्यात आलं. मैत्रीण आठवली नाही.

सासूबाई वर आल्या. दोन खाटा बघून म्हणाल्या, "हे अलग काहून ठेवले वं?"

मी पुढचं सूप उचललं आणि पापड पसरत राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पापड शेजारणीकडे होते. आमच्या गच्च्या एकमेकींना लागून; तिच्या गच्चीवरही दोन खाटा दिसल्या. मग त्यापलीकडच्या घरी. सुशीलालाही त्या दिसत असतील ना? पापड जास्त झाले की दोन खाटा लागतातच, असं वाटलं असेल तिला. दुसऱ्या खाटेवरचे सगळे पापड धुणंभांडं करणाऱ्या बाईला जायचे. कितीतरी उन्हाळे असेच गेले, आणि आम्ही आपसातसुद्धा एकदाही त्याबद्दल बोललो नाही. सवयच झाली होती.

पुढे सुशीलाच्या नवऱ्यानं कळमेश्वरला घर बांधलं, ते तिकडे गेले. गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या लग्नाला ती आली. पंगतीत त्याच साऱ्या जणी शेजारी-शेजारी बसलेल्या. पापड वाढला गेला तशी एक म्हणाली, पापड खावे तर सुशीलाच्या हातचे. दुसरी म्हणाली, तशी चव पुन्हा मिळाली नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकीनंही दुसरीच्या डोळ्यांत पाहिलं नाही.

सुशीला खुलली. मी वाढत होते, माझा हात धरून तिनं विचारलं, "खरंच आवडत होते का वं तुले?"

"हो नं वं," मी म्हटलं. "तुझेच तं सगळ्यात पहिले संपून जात होते."

तिला खरं वाटलं. का नाही वाटणार — मी सांगत होते ना.

यंदाच्या उन्हाळ्यात तिनं कळमेश्वरहून येणाऱ्या एकाबरोबर डबा पाठवला. उडदाचे पापड, तसेच पातळ. आता घरात सासूबाई नव्हत्या, बघायला शेजारीण नव्हती. मी झाकण उघडलं, बघितलं आणि पुन्हा लावलं. दुपारी कामवाली आली, तिला सगळे देऊन टाकले.

मग डबा घासून परत पाठवला. पापड फार छान झाले होते, असा निरोपही दिला.