पारगावच्या पुलावरचा दिवा

सांगायला लाज वाटते, पण जवळजवळ वर्षभर मी देवाचं म्हणणं गाडीच्या डॅशबोर्डवर वाचत होतो. चांगला शिकलासवरलेला माणूस मी, गावच्या दूध डेअरीत तीस वर्षं सचिव म्हणून काम केलेला, चार लोकांना अक्कल शिकवणारा. आणि माझी मती अशी फिरली. वाचणाऱ्यानं खुशाल हसावं, मी रागावणार नाही. रागावायची माझी हौस पुरती फिटली आहे.

मला एकच मुलगी. चार वर्षांपूर्वी तिनं आपल्या पसंतीनं लग्न केलं, तेही रजिस्टर. मुलगा वाईट नव्हता, नोकरीला होता, निर्व्यसनी होता. पण मला आधी विचारलं नाही, एवढ्या एका गोष्टीवरून माझं डोकं फिरलं. तिनं लग्नानंतर फोन केला, तेव्हा मी म्हणालो, "मला तू मेलीस." हे शब्द माझ्या तोंडून बाहेर पडले आणि त्याच क्षणी मला कळलं की हे चुकलं. पण परत घ्यायचे कसे, ते काही जमेना. ती यवतजवळ कासुर्डीला राहायला गेली. आमच्या न्हावऱ्यापासून गाडीनं फार तर दीड तास. त्या दीड तासाच्या वाटेला मला चार वर्षं पुरली नाहीत.

आमची मंडळी मात्र हुशार. ती दर दोन महिन्यांनी एसटीनं लेकीकडं जाऊन यायची, मला न विचारता आणि न लपवता. फोन मात्र गोठ्यात जाऊन करायची. मी ओसरीवर पेपर धरून बसायचो आणि कान तिकडं लावायचो. पोरीचा आवाज काही ऐकू यायचा नाही. हिचं "व्हय गं", "न्हाई गं", "जेवलीस का" एवढंच यायचं. तेवढ्यावरून मी पलीकडचं बोलणं मनात जुळवत बसायचो. कधी कधी ही फोन ठेवून बाहेर आली की वाटायचं, विचारावं, कशी आहे? आणि मी विचारायचो काय, तर म्हशीला पेंड घातली का?

गेल्या हिवाळ्यात मला राहवेना. ठरवलं, जायचं. आता आमच्याकडं असं काही अवघड काम असलं की भैरवनाथाला कौल लावतात. गुरव ओल्या कळ्या देवाच्या दोन्ही खांद्यांना चिकटवतो. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. पण कौल लावायचा म्हणजे काय विचारायचंय ते गुरवापुढं मोठ्यानं बोलावं लागतं, आणि गुरवाला कळलं म्हणजे गावाला कळलं. सचिवसाहेब लेकीकडं जाऊ का म्हणून विचारायला आले होते, ही बातमी संध्याकाळपर्यंत पारावर आली असती. मग मी माझ्यापुरती सोय काढली. गाडीत बसलो, स्टिअरिंगवर हात जोडले आणि म्हणालो, "नाथा, मी जाऊ नये असं तुझ्या मनात असेल, तर वाटेत मला तसं दाखव." ही माझी चूक. असा कौल कुणी लावत नाही.

माझी गाडी पांढरी, तेरा वर्षांची, पेट्रोलवरची. तिच्या मागच्या बाजूला मी दोन पोती कांदा, एक कट्टा ज्वारी, एक कट्टा गहू, गुळाची ढेप आणि तुपाचा मोठा डबा भरला होता. लग्नात तिला मी काहीच दिलं नव्हतं. ते सगळं आता पोत्यांनी भरून काढायला निघालो होतो. पारगावला भीमेच्या पुलावर चढलो आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. इंजिनाचं चित्र असलेला तो दिवा. म्हटलं, हेच ते. पुलापलीकडं गाडी वळवली आणि सरळ घरी आलो. मंडळी दारात उभी होती. तिला म्हणालो, गाडी बिघडली. ती आत गेली.

त्यानंतरचे हाल काय सांगू! शिरूरच्या मिस्त्रीनं मशीन लावून बघितलं. म्हणाला, ऑक्सिजन सेन्सर गेलाय. बदलला. दिवा गेला. मी त्या गाडीनं बाजार केले, लग्नं केली, दौंडला जाऊन आलो, दिवा नाही. महिन्याभरानं पुन्हा कासुर्डीला निघालो आणि पुन्हा त्याच पुलाच्या आसपास दिवा! दुसऱ्या मिस्त्रीनं प्लग बदलले, पेट्रोलची टाकी धुतली, बॉनेटखालच्या वायरी उंदरांनी कुरतडल्यात असं सांगून त्याही नव्या टाकल्या. उसाचा भाग आमचा, उंदीर रग्गड, मला पटलं. पुढं दीड-दोन महिने गाडी अशी चालली की सुरळीत म्हणावी तर अशी. तिसऱ्यांदा कासुर्डीला निघालो, आणि पूल यायच्या आधीच दिवा. आता तुम्हीच सांगा, बाकी कुठंही न लागणारा दिवा फक्त लेकीच्या वाटेवर लागत असेल, तर त्याला माणसानं काय समजावं? मी समजलो, नाथाचा नकार आहे. मी पोरीला मेलीस म्हणालो, आता देवानं मला तिच्याकडं जाण्याची वाट बंद केली. रात्र रात्र हे मनात यायचं.

मंडळी एकदा म्हणाली, "अवो, एसटीनं चला की माझ्यासंगं. गाडी काय नडतीया, तुमचा तोरा नडतोय." मी तिच्यावर खेकसलो. पहिल्यांदा लेकीच्या दारात जायचं ते एसटीनं, पिशवी हातात घेऊन?

मग एक दिवस गोठ्यातून येताना ती डोळे पुसत आली. जावयाच्या कंपनीनं त्याची बदली गुजरातला केली होती. दोन आठवड्यांत कासुर्डीची खोली रिकामी करून दोघं जाणार होती. मला वाटलं, संपलं. गुजरातेत कुठं शोधू तिला मी? त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी उठलो, पुन्हा तीच पोती भरली, तोच डबा. यावेळी कौलबिल काही बोललो नाही. मंडळी उंबऱ्यात उभी राहून बघत होती. 

पुलावर दिवा लागला. मी पुलापलीकडं रस्त्याच्या कडेला गाडी लावली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो. साठीचा माणूस भर दिवसा हमरस्त्यावर रडतोय, पण खरंच मला त्याचं भान नव्हतं. कुणीतरी काच वाजवली. करडी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, हातात कापडी पिशवी. माझ्याहून थोडे थोरले असावेत. तिथं एसटीची वाट बघत थांबले होते.

"मालक, गाडी पाठीमागनं लई बसलीया. काय भरलंय एवढं?"

मी म्हणालो, "चाचा, माझं नशीब भरलंय." आणि दिव्याकडं बोट दाखवलं.

त्यांनी आत वाकून दिवा बघितला, मग मागं जाऊन गाडी बघितली. म्हणाले, उभी हयात ट्रकच्या खाली, दुरुस्तीत गेलीया. मग माझ्याच डिकीतलं रिकामं पोतं रस्त्यावर अंथरलं आणि त्या वयात सरळ गाडीखाली शिरले. आतूनच हाक मारली, "या, बघा." मीही वाकलो. सायलेन्सरची नळी ज्या रबरावर लटकते, ते मागचं रबर तुटलेलं होतं. गाडी रिकामी असली की नळी जागेवर राहायची. मागं वजन आलं की गाडी खाली बसायची, नळी लोंबायची आणि तिच्यावरच्या सेन्सरची वायर ताणून जोडात ढिली पडायची; वजन उतरलं की पुन्हा जागेवर टेकायची. ढिली पडली की दिवा. मी मिस्त्रीकडं गाडी न्यायचो ती पोती उतरवून, रिकामी. बाजाराला जायचो ते पिशवी घेऊन. एवढं वजन घालून मी फक्त लेकीकडंच जात होतो.

चाचांनी पिशवीतून सुतळी काढून नळी वर बांधली, वायर जागेवर बसवली. म्हणाले, "हे वजन मातुर उतरवा. सुतळी हाय ती, साखळी न्हवं."

"आणि दिवा?"

"त्यो काय लगीच जायचा न्हाई. रुसलेल्या भावकीसारखा हाय त्यो, समदं मिटलं तरी चार दीस तोंड फुगवून बसतो. पर गाडीला काय झालेलं न्हाई. जावा बिनघोर. कुठं निघालाव?"

आणि मी त्या अनोळखी माणसाला सगळं सांगितलं. मेलीस म्हणालो ते, कौल मागितला ते, तीनदा परत फिरलो ते. चार वर्षांत हे मी कुणाला बोललो नव्हतो. चाचा हात पुसत ऐकत होते. मग म्हणाले, "लेकीकडं जाऊ नगं म्हणायला देव काय रिकामा बसलाय व्हय? तुमीबी कमाल करता."

जवळच एका देवळापुढं मांडव होता, सप्ताह चालू होता. आम्ही दोघांनी पोती तिथं नेऊन उतरवली. आचारी पंगतीच्या तयारीला लागलेले. त्यांच्यातला एक जण कांद्याचं पोतं बघून म्हणाला, "बरं झालं आलात काका, आत्ताच माणूस कांद्याला धाडत होतो."  यात काय होतं आणि काय नव्हतं, याचा उलगडा करायला मी बसलो नाही. आजही बसत नाही.

चाचांना यवतला सोडलं. नाव विचारायचं राहिलं. ते उतरून गेल्यावर ध्यानात आलं की पोत्यांबरोबर तुपाचा डबाही देवळातच राहिला. म्हणजे मी चार वर्षांनी लेकीच्या दारात हात हलवत निघालो होतो. वाटलं, थांबावं, पेढे घ्यावेत. पण माझा माझ्यावर भरवसा नव्हता. एकदा थांबलो असतो तर मागं फिरलो असतो. दिवा तसाच जळत होता. मी त्याच्याकडं बघितलं आणि पहिल्यांदाच मला त्याची भीती वाटली नाही. मनात म्हणालो, नाथा, आता हो म्हण की नाही म्हण, मी चाललो.

कासुर्डीत विचारत विचारत खोली गाठली. दार उघडंच होतं. आत खोकी बांधून ठेवलेली. ती पाठमोरी बसून भांडी कागदात गुंडाळत होती. बारीक झाली होती. मी दारात उभा राहिलो. तिचं तिनंच वळून बघितलं.

"आप्पा?"

ती उठली आणि दोन पावलांवर थांबली. मी हात जोडले. लेकीपुढं बापानं हात जोडू नयेत म्हणतात, मी जोडले. म्हणालो, "चुकलं माझं. तसलं बोलायला नको होतं मी. आणि आणलं पण काही नाही गं."

ती माझे जोडलेले हात सोडवून धरून राहिली आणि रडली, मग रडता रडताच कावरीबावरी होऊन म्हणाली, "अवो पण आज मी काहीच केलं न्हाई जेवायला. आईनं कळवलंच न्हाई."

मला कळेना. मग तिनं सांगितलं. या आधी तिन्ही वेळा मी घरातून निघालो की आईनं तिला फोन केला होता, आप्पा येतायत म्हणून. तिन्ही वेळा तिनं पुरणाचा स्वयंपाक केला होता. आणि मला खोली सापडायची नाही म्हणून हायवेच्या फाट्यावर येऊन उभी राहिली होती. "एकदा तर पार दिवस मावळंपर्यंत," ती म्हणाली. "आईला लगीच सांगवायचं न्हाई, रात्री म्हणायची, गाडी बिघडली. मला वाटायचं, तुमचं मन बदललं असंल." म्हणूनच यावेळी आमच्या मंडळीनं फोन केला नव्हता. लेकीला चौथ्यांदा उभं करायचं तिच्या जिवावर आलं असणार.

मी खाली खोक्यांमध्येच बसलो. मी पुलावर गाडी वळवत होतो, तेव्हा पाऊण तासावर माझी पोर उन्हात येणारी प्रत्येक पांढरी गाडी बघत उभी होती. आणि मी म्हणत होतो, देव मला जाऊ देत नाही! तिनं बांधलेल्या खोक्यातून तवा काढला, पिठलं केलं, दोन भाकरी थापल्या. मी जेवलो. वाढताना ती सारखी माझ्याकडं बघत होती आणि मी ताटाकडं.

नऊ दिवसांनी ती गुजरातला गेली. आता ओसरीवर बसून मीच तिला फोन करतो, मोठ्या आवाजात, गल्लीला ऐकू जाईल असा. ती लांब आहे, मन भरत नाही, रोज तिची आठवण येते. जी चार वर्षं मी घालवली ती कुठल्याही नवसानं परत मिळायची नाहीत, हे मी धरून चाललो आहे. पण त्या दिवशी पुलाजवळ मला कुणी तरी भेटवलं, माझ्या हातातलं सगळं उतरवून घेतलं आणि मला पुढं पाठवलं, याचं ऋण मी जन्मभर मानीन. सकाळी देवळात जातो, उभा राहतो. कौल मागत नाही आता. होकार-नकाराचं मी काही विचारत नाही. एवढंच म्हणतो, नाथा, कुठं कुणी माझी वाट बघत उभं असेल, तर मला तेवढं वेळेवर पोचव.