आपल्याच जाहिरातीला हात लावायचा नाही

धाग्याच्या कारखान्यातून घरी आलं की केसांत रुई सापडतेच. आमच्या वेबसाइटचे किस्से तसेच, झटकावेत तेवढे साठतात.

मी नाशिकचा, सिल्वासात मेंटेनन्सला. भूषण धुळ्याचा, कंत्राटावर पॅकिंगला. सिल्वासाच्या आसपासच्या गावांत कुठे भरती आहे, कुठे खोली रिकामी आहे, हे सांगणारी साइट आम्ही दोघांनी काढली. तिच्यावर जाहिराती लागल्या; वाचणाऱ्याने एखादी दाबली की आम्हाला पैसे. कंत्राटात ब्रेक मिळाला, म्हणजे काम थांबलं, की भूषणचं घर त्यांच्यावरच चालतं.

*

सुरुवातीलाच भूषणने गावच्या ग्रुपवर टाकलं, की साइट आपली आहे, जाहिराती दाबत राहा. गाव मायाळू! आहेर केल्यासारख्या सगळ्यांनी दाबल्या. लगेच जाहिरातवाल्यांची तंबी आली: पुन्हा असे खोटे क्लिक दिसले तर खातं कायमचं बंद. भूषणला जेवण जाईना. तेव्हाच आम्ही ठरवलं, स्वतः दाबायचं नाही आणि कुणाला दाबा म्हणायचं नाही. दाबू नका म्हटल्यामुळे भूषणचे मामा अजून रुसलेले आहेत.

*

वापीचा एक जण रोज हजारो व्हिजिटर विकायला आला. माणसं कुठली, असं विचारलं तर म्हणे माणसं कशाला, सॉफ्टवेअर आहे ना.

भूषणने त्याच्यापुढे चहा ठेवला. "मग खडोलीतली खोली काय सॉफ्टवेअर भाड्याने घेणार, भाऊ?"

*

भूषणच्या मेहुण्याचं म्हणणं, सायली गावातल्या भरतीला मथळा दणदणीत हवा: सायलीत शेकडो जागा, आजच धावा! जागा होती एकच. आम्ही हट्टाने लिहिलं, "सायलीत एक जागा, तीही नाइट शिफ्टची." ते पान सगळ्यात जास्त वाचलं गेलं. मेहुणा म्हणाला, लोकच बिघडलेत.

*

यंदा भूषणचा ब्रेक फारच लांबला. साइटची कमाई पुरेना. एका दुपारी आमच्याच साइटवर त्याला सायलीच्या एका कंपनीची जाहिरात दिसली: पॅकिंग सुपरवायझर हवा, अर्जासाठी इथे दाबा. त्याने मला फोन केला. खरं सांगतो, मीच पाघळलो, एकदाच दाब म्हणालो. त्याने फोन ठेवला आणि थेट त्या कंपनीचं गेट गाठलं.

आतल्या साहेबांनी विचारलं, फॉर्म फोनवरच का नाही भरला?

"साइट माझीच आहे, साहेब. मला दाबता येत नाही."

"मग दुसऱ्या कुणाला दाबायला सांगायचं."

"ते पण चालत नाही ना, साहेब."

साहेबांनी त्याला खुर्ची दिली.

"पॅकिंगचं राहू दे. स्टोअरच्या चाव्या सांभाळशील?"