मुळशीचा ळ

पौडला तहसील कचेरीच्या फाटकासमोर पत्र्याची एक टपरी आहे. तीत एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि शबनूर. वय सत्तेचाळीस. मुळशी तालुक्यातल्या माणसाला सरकारला काही सांगायचं असलं की तो ते आधी शबनूरला सांगतो, आणि शबनूर ते सरकारला पचेल अशा मराठीत टाइप करते. नाव लावा, नाव काढा, मोजणी करा, रस्ता अडवलाय, आमची हरकत आहे, आमची हरकत नाही. बारा वर्षं टाइपरायटरवर आणि त्यानंतर अठरा वर्षं कॉम्प्युटरवर हेच चाललंय. तिला कुणी विचारलं असतं, बाई गं, तुला काय हवं, तर ती म्हणाली असती, मला काहीच नको, फक्त आता काही बदलू नका.

पण ऐकतंय कोण! कॉम्प्युटरवर रोज एक पाटी यायला लागली, की तुमच्या विंडोजची मुदत संपली, नवी घ्या. नवी घ्यायला गेलं तर हे मशीन तिला चालत नाही, मशीनही नवं घ्या. शबनूर ती पाटी दिवसातून दहा वेळा बंद करायची आणि म्हणायची, "व्हय बाबा, कळलं."

तिथं एक दिवस निरंजन आला. भुकूमच्या नव्या सोसायटीत राहतो, दाढी राखतो, घरी बसून कंपनीचं काम करतो. सोसायटीच्या पाण्याचा अर्ज करायला आला होता. त्यानं ती पाटी पाहिली आणि त्याच्या डोळ्यांत अशी काही चमक आली, की शबनूरनं तिथंच ओळखायला हवं होतं.

"ताई, कशाला नवीन मशीन? विंडोजच्या जागी लिनक्स टाकू. फुकट आहे, कुणाच्या मालकीचं नाही. हेच मशीन पळायला लागेल."

"माझं मराठी टायपिंग चालंल का त्याच्यात?"

"मराठी? आहे की!"

आता हा बाबा मराठी टाइप करतो ते इंग्रजी अक्षरांनी. त्याच्या लेखी मराठी दिसली म्हणजे झालं. एका रविवारी येऊन त्यानं जुनं सगळं पुसलं, नवं बसवलं, तिच्या फायली जागच्या जागी लावून दिल्या आणि हात झटकून गेला. मशीन खरंच पळायला लागलं. खोटं कशाला बोला.

सोमवारी सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं ते कासार आंबोलीच्या सगुणाबाई. सत्तरीच्या बाई, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. भावांनी सातबाऱ्यावर वारस म्हणून स्वतःची नावं लावायला दिली होती आणि बहिणीला सोयीस्कर विसरले होते. हरकत घ्यायची मुदत त्याच दिवशी संपत होती.

"बस मावशी, दहा मिन्टात देते," शबनूर म्हणाली आणि तिनं किल्ल्यांवर बोटं ठेवली.

कशाचं काय! 'प्रति' टाइप करायला गेली तर पडद्यावर भलतीच अक्षरं. पुसलं, पुन्हा केलं, पुन्हा भलतीच. किल्ल्यांची सगळी मांडणीच वेगळी होती. शबनूर टाइपिंग शिकली ती वडलांच्या, अलाउद्दीनचाचांच्या टाइपरायटरवर. सतरा वर्षांची असताना त्यांनी तिच्या डोळ्यांवर ओढणी बांधून तिला बसवलं होतं. पुढं कॉम्प्युटर आला तेव्हा दुकानदारानं त्यात टाइपरायटरसारखीच मांडणी घालून दिली आणि बोटांना फारसं काही कळलंच नाही. त्या दिवशी चाचा दुकानात सोबत होते. त्यांनी एकच विचारलं होतं, "ह्यातली एक किल्ली हिकडची तिकडं करता येती का?" दुकानदार हसला होता. "कंपनीनं दिलंय तसं वापरायचं, चाचा."  चाचांना जाऊनही आता नऊ वर्षं झाली.

आणि आज ती एकेक अक्षर शोधत होती, ज्वारीतले खडे वेचावेत तशी. एक तास गेला, दोन गेले. सगुणाबाई आधी पडद्याकडे बघत होत्या, मग शबनूरच्या तोंडाकडे, मग फाटकाकडे. साडेतीनला त्या हळूच उठल्या.

"ऱ्हाऊ दे बाय. तुला बरं न्हाई वाटत. मी पलीकडच्या झेरॉक्सवाल्याकडं जाते."

रागावून म्हणाल्या असत्या तर शबनूरनं दोन शब्द परत दिले असते. त्या मायेनं म्हणाल्या, त्यामुळे तिला तोंड वर करता येईना. तीस वर्षांत तिच्या टेबलावरून कागद अर्धा टाकून कुणी उठलं नव्हतं.

आठवडा असाच गेला. पाठ दुखली, डोळे दुखले, गिऱ्हाइकं पलीकडे वळली. भाऊ अनिस भुकूमच्या एका सोसायटीत गाडी चालवतो, त्याचा फोन आला. "शबू, आमच्या गेटावर बाई पायजे. खुर्चीवर बसायचं, आल्यागेल्याचं नाव वहीत लिवायचं. सोमवारपातुर सांग. किती वढणार अजून?" तिनं 'नाही' म्हटलं नाही. खरं तर तिला ती खुर्ची त्या घडीला बरी वाटली. नावं तर लिहायचीत, तीही हातानं.

पण टपरीला कुलूप लावायचं तर जुनं होतं तसं करून तरी लावावं, म्हणून तिनं निरंजनला फोन केला. "तुमी जे केलंय ते काढा, साहेब."

शनिवारी तो आला. तिची बोटं दोन ओळी चालताना पाहिली आणि त्याचं तोंड उतरलं. "मी विचारायला हवं होतं," तो म्हणाला. चला, एवढं तरी म्हणाला. मग त्यानं शोधून टाइपरायटरची मांडणी लावली. निम्मी अक्षरं घरी आली, निम्मी चुकतच राहिली.

"कुठली किल्ली कुठं हवी ते सांगा ताई. ही मांडणी म्हणजे साधी यादी आहे, उघडून हवी तशी बदलता येते."

"मला काय म्हाईत?"

"म्हणजे? तीस वर्षं टाइप करताय!"

"बोटांना म्हाईत हाय. मला न्हाई." ती चिडून म्हणाली, आणि ते अक्षरशः खरं होतं. 'घ' कुठंय विचारलं की तिला सांगता येईना. डोळे मिटून 'घर' म्हटलं की बोट बरोबर जाई.

शेवटी टेबलाखालच्या पेटीतून अब्बांचा टाइपरायटर निघाला. फीत वाळून कडक झालेली. शबनूरनं दोन कागदांच्या मध्ये कार्बन घातला आणि डाव्या कोपऱ्यापासून एकेक किल्ली दाबत गेली. खालच्या कागदावर अक्षरं उमटली, निरंजन यादीत भरत गेला. पहिल्याच किल्लीला तो थांबला.

"इथं ळ? असा कुठंच नसतो. आणि हा जरा वर का उमटलाय?"

शबनूरनं कागद उजेडाकडे धरला. मग तिला आठवलं. मशीन जुनं घेतलेलं, मूळचं हिंदीचं. त्यात ळ नव्हताच. आणि ह्या तालुक्यात ज्याला ळ नाही त्यानं करायचं काय? प्रत्येक कागदाच्या पहिल्या चार ओळींत 'मुक्काम पोस्ट अमुक, तालुका मुळशी' आलंच. चाचा ते पंधरा-वीस किलोचं धूड एसटीत घालून पुण्याला मिस्त्रीकडे घेऊन गेले होते. मिस्त्रीनं कोपऱ्यातलं एक बिनकामाचं चिन्ह काढून तिथं ळ डकवला होता, केसभर वर. कितीतरी वर्षं कचेरीतल्या कागदांवर मुळशीचा ळ असा टाच उंचावून उभा होता.

"ताई, एक सांगू?" निरंजन म्हणाला. "मघाशी तुमच्या जुन्या मांडणीबद्दल बोलत होतो ना, तुम्ही हवेत बोटं चालवून दाखवलीत. 'मुळशी' म्हणताना आधी ह्या कोपऱ्यात गेलात, मग खोडायच्या किल्लीवर, मग मधल्या रांगेत. तीनदा म्हणालात, तीनही वेळा तसंच."

शबनूरनं त्या कोपऱ्यातल्या किल्लीवर बोट ठेवलं. म्हणजे अठरा वर्षं बोट आधी अब्बांच्या ळच्या जागी जायचं, चुकीचं अक्षर उमटायचं, ते खोडून मग ती मधल्या रांगेतला ळ दाबायची. रोज वीस-पंचवीस मुळश्या. तिला आपलं वाटायचं की आपला हातच जरा कच्चा आहे, अब्बांसारखा नाही. आणि अब्बा? ते तर मागच्या स्टुलावर बसून बघत असायचे. दुकानात त्यांनी कुठली किल्ली हलवायची विचारली होती ते आत्ता कळलं. नकार मिळाल्यावर पुन्हा शब्द काढला नाही त्यांनी. तिनं विचारलंच नव्हतं कधी.

"ळ हितं हलवता येईल का?" तिनं विचारलं. 

"हलवला," निरंजन म्हणाला. "ह्या मांडणीला नाव द्यावं लागतं. काय देऊ?"

ती टाइपरायटरच्या पेटीकडे बघत होती. त्यानं पेटीच्या झाकणावर रंगवलेलं 'अलाउद्दीन' हे नाव वाचलं आणि तेच घातलं.

सोमवारी सकाळी सगुणाबाई परत आल्या. झेरॉक्सवाल्यानं दुसऱ्याच कुणाचा अर्ज उघडून त्यावर ह्यांचं नाव घातलं होतं आणि गाव तेवढं भूगाव राहू दिलं होतं. साहेबांनी मुदतीत आला म्हणून ठेवून घेतला, दुरुस्तीचा कागद आज द्या म्हणाले. बाई दमून स्टुलावर बसल्या.

"जमंल का गं आज?"

"बगू," शबनूर म्हणाली. टेबलावर फोन वाजत होता. अनिस. तो तिनं वाजू दिला.

'प्रति, मा. तहसीलदार साहेब.' बोटं चालली. अडलं नाही कुठं. 'अर्जदार सगुणाबाई, मु. पो. कासार आंबोली, ता. मु' आणि डावी करंगळी कोपऱ्यात गेली. ळ आला. पहिल्या दमात, सरळ, बाकीच्या अक्षरांच्या ओळीत. आणि त्याच झपाट्यात, अठरा वर्षांच्या सवयीनं, उजव्या करंगळीनं तो पुसून टाकला.

शबनूर थांबली. पडद्यावर नुसतं 'मु' उरलं होतं.

"काय झालं गं?" सगुणाबाईंनी घाबरून विचारलं. "पुन्यांदा बिघडलं का?"

"न्हाई मावशी." ओढणीचं टोक तिनं डोळ्यांना लावलं. "अब्बांनी बरोबर दिलं व्हतं. म्याच खोडत आले."

फोन पुन्हा वाजायला लागला. तिनं तो उचलला, "न्हाई जमायचं म्हनून सांग त्यांना, काम हाय मला," एवढं बोलून ठेवला. मग उजवा हात उचलून मांडीवर ठेवला आणि डाव्या करंगळीनं सावकाश ळ दाबला.