अकराव्या विहिरीची रीडिंगं

इंजिनीअरिंग कॉलेजात प्रयोगाची रीडिंगं घेतात, तशीच बसवतातही. उत्तर किती यायला हवं ते आधीच्या वर्षीच्या जर्नलात असतं. तिथून उलटं यायचं, दोन-तीन आकडे जरा इकडे-तिकडे करायचे, म्हणजे संशय येत नाही. विद्यार्थी असताना मी हे केलं. तिथेच शिकवायला लागल्यावर अशा जर्नलांवर लाल पेनाने सह्याही केल्या. त्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं.

नव्वदच्या दशकात मी पीएचडीला कातळातल्या पाण्याचा विषय घेतला. पावसाळ्यानंतर विहिरीचं पाणी कसं उतरत जातं याचा आलेख काढायचा आणि कुठली विहीर कधी आटेल ते आधीच सांगायचं. किन्हवलीपासून वैशाखऱ्यापर्यंत अकरा विहिरी निवडल्या. दहा ठिकाणी शाळेचे गुरुजी रीडिंग घ्यायचे. अकरावी विहीर वैशाखऱ्याच्या वर, डोंगराला लागून असलेल्या पाड्याची. तिथलं काम एका मावशीने अंगावर घेतलं.

"हंडा भराया जातेच की मी रोज. तुझा दोर बी सोडीन," ती म्हणाली. "पन मला लिवता येत नाय, मास्तर."

मी तिला अर्ध्या-अर्ध्या मीटरवर गाठी मारलेला दोर दिला. ती कोरड्या गाठी मोजायची आणि घराच्या कुडावर कोळशाने तेवढ्या रेघा ओढायची. पंधरा दिवसांनी मी एसटीने जाऊन त्या वहीत उतरवायचो. तिचा मुलगा सातवी शिकलेला, मुरबाडला कामाला जायचा. तो चिडवायचा, "आयव, तू आता कॉलेजात लागलीस गो. पगार कंदी?"

एप्रिलच्या मध्यावर गेलो तर कुडावर रेघांऐवजी राखेत बुडवून उमटवलेला अख्खा पंजा. तीन दिवसांचे तीन पंजे.

"हे काय?"

"पानी खलास. मोजू काय?"

माझ्या आलेखाप्रमाणे त्या विहिरीला जून उजाडेपर्यंत पाणी असायला हवं होतं. मी म्हटलं, "दोर कातळावर अडकत असेल, मावशी."

"आमी व्हाळात झिरा खनून पानी आनतो नि तू दोराचं सांगतंस? चल, दावते तुला."

विहीर वीस मिनिटांवर होती. मी घड्याळ बघितलं. "एसटी चुकेल," म्हणालो आणि डोंगर उतरलो. मला काही कळलं नव्हतं, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. तिच्या दारात पालथे पडलेले कोरडे हंडे मी पाहिले होते.

दहा विहिरी आलेखावर नीट बसत होत्या, ही एकच नव्हती. गाइड फक्त म्हणाले, "हिचं काय झालं, बघून घ्या." त्यांनी आणखी काही सुचवलं नाही. पुढचं मी केलं. एप्रिल-मेची रीडिंगं घरी टेबलावर बसवली. हळूहळू उतरणारी, मध्येच एखादी किंचित चुकलेली. शोधनिबंधात सहसा कुणी लिहीत नाही, पण मी तक्त्याच्या शेवटी रीडिंग घेणाऱ्यांची नावं छापली. मावशीचंही. मला ते फार चांगलं काम वाटलं होतं.

त्याच तक्त्यासह कामाच्या अहवालाची एक प्रत तालुक्याच्या कचेरीत गेली. पुढच्या उन्हाळ्यात टँकरच्या यादीत तो पाडा नव्हता. विचारायला गेलेल्या मुलापुढे कारकुनाने तक्ता ठेवला. मे अखेरपर्यंत पाणी, आणि खाली त्याच्या आईचं नाव.

त्याच मे महिन्यात त्याची बायको झिऱ्यावरून दोन हंडे घेऊन चढताना पडली. सातवा महिना होता. मूल वाचलं नाही.

वैशाखऱ्याच्या गुरुजींनी हे मला त्या दिवाळीत सांगितलं. मी गेलो नाही. डिग्री मिळाली, बढती मिळाली. पहिल्या तासाला मी मुलांना सांगायला लागलो, 'जे दिसलं तेच लिहा.' मुलं निमूट ऐकायची.

आठ वर्षांनी विद्यार्थ्यांची सहल माळशेजला नेली, तेव्हा त्यांना वैशाखऱ्यात थांबवून एकटा वर गेलो. मावशी ओट्यावर नाचणी पाखडत होती. मुलगा-सून सापगावला राहतात, म्हणाली. मुलगा होळीला येतो, बोलत नाही. "बोलला, तूच लिवून दिलंस पानी हाय म्हनून. मी कूड दावाया गेले, तर दिवाळीला मीच सारवलेला." मग हातातलं सूप खाली ठेवून म्हणाली, "माझंच गनित चुकलं असंल, मास्तर. अडानी बाई मी."

मी तिला सांगितलं. सगळं, क्रमाने. ती शिवी देईल असं वाटलं. द्यायला हवी होती.

"म्हंजी मी बराबर मोजलं व्हतं?"

"हो, मावशी. तू बरोबर मोजलं होतंस."

"मग येवढं माझ्या लेकाला सांग. बाकी काय नको."

येत्या रविवारी जातो, असा शब्द दिला. गेलोही. सापगावच्या थांब्यावर उतरलो, चहा घेतला. पलीकडे नळावर एक बाई एकटीच पाणी भरत होती. तीच सून असेल की नाही, मला माहीत नाही. मी परतीच्या एसटीत बसलो. मग परीक्षा आल्या, मग कॉलेजच्या मूल्यांकनाची समिती आली. दोन वर्षं गेली आणि गुरुजींचा निरोप आला की मावशी गेली.

बाराव्याला पाड्यावर गेलो. मुलाला बाजूला घेऊन सांगितलं. त्याने डोकं नुकतंच भादरलेलं होतं. तो त्यावरून सारखा हात फिरवत होता.

"होळीला यायचो तवा ती तांब्या भरून म्होरं यायची," तो म्हणाला. "मी बोलायचो, वाटंत पिलोय. धा वर्सं तिच्या हातचं पानी नाय पिलो मी, सर."

त्याने डोक्यावरचा हात खाली घेतला.

"तिला कळलं व्हतं? तिचं बराबर व्हतं त्ये?"

"हो. दोन वर्षांपूर्वी सांगितलं मी तिला."

"दोन वर्सं?" त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. "मग माज्याकडं का नाय आलात तुमी?"

"परीक्षा होत्या," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. ओट्यावर पंगत बसत होती, तिकडे तो वाढायला गेला.