दानुताआजींचा पहिला गडगडाट

दानुताआजी आमच्या शेजारच्या. मूळच्या लिथुआनियाच्या, जन्मभर इथे जर्मनीत, एर्लांगेनमध्ये नर्स म्हणून राबलेल्या आणि हट्टात माझ्या सासूबाईंनाही भारी पडतील अशा.

भाड्याच्या बागेत त्यांनी ओकचं रोप वाढवलं होतं, गावाकडच्या बीपासून. ओक हे पेर्कुनासचं झाड. पेर्कुनास म्हणजे त्यांच्याकडचा गडगडाटाचा देव. आपल्या इंद्राच्या नात्यातला, फक्त हत्तीऐवजी बोकडांच्या गाडीतून फिरणारा. पण बागेच्या फेराइनला, म्हणजे मंडळाला, मोठी होणारी झाडं चालत नाहीत. एप्रिलअखेर हलवा, नाहीतर तोडू, असं त्यांनी बजावलं. एका ओळखीच्या शेतकऱ्यानं जागाही देऊ केली. आजी मात्र ढिम्म.

"वर्षाचा पहिला गडगडाट ऐकल्याशिवाय आम्ही जमिनीला फावडं लावत नाही."

पंचाईत अशी, की तो मागच्याच आठवड्यात होऊन गेला होता. आजींच्या कानांनी केव्हाच रजा घेतलेली आणि यंत्र लावायचं नाव नाही. माझा नवरा गुरुदत्त त्यांच्या कानाशी ओरडून म्हणाला, "आजी, झाला हो! मी ऐकला."

"मग तुम्ही तुमच्या बागेत खणा."

मी फस्सकन हसले. तेवढ्यात आजी हळूच म्हणाल्या, "पेर्कुनास मला हाक मारायचाच थांबला असेल तर?"

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी आभाळ भरून आलं. आम्ही सगळे बागेतल्या लाकडी खोपटात बसलो. कडाडलं. आजी तशाच बसून. माझी लेक अन्वी, मराठीला हटकून जर्मनमध्ये उत्तर देणारी, उठली आणि तिनं आजींचा तळहात खिडकीच्या काचेवर दाबून धरला. पुन्हा कडाडलं तशी काच थरथरली. आजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"तोच ना?"

"गेनाऊ," अन्वी म्हणाली. म्हणजे अगदी बरोबर.

पाऊस थांबल्यावर आजी चक्क ओल्या गवतात लोळल्या. पहिल्या गडगडाटानंतर असं लोळलं, की वर्षभर पाठ दुखत नाही म्हणे. त्यांना उठवायला गेलेली मीही शेजारी आडवी झाले. माझी पाठ काय कमी दुखते?

गुरुदत्त फावडं घेऊन रोपाजवळ गेला. आजी गवतातूनच ओरडल्या, "हात लावू नका! हाक मला आली आहे."