सर पायऱ्या उतरले तेव्हा

झेंडूच्या ताज्या माळांचा वास आला की मला अमरावतीतलं ते सभागृह आठवतं. अपंगांच्या जगण्यावरच्या सिनेमांचा महोत्सव होता आणि मी व्हीलचेअरवर बसून काढलेल्या लघुपटाला पहिलं बक्षीस मिळालं होतं. मंच माळांनी सजवलेला, पण वर जायला फक्त पायऱ्या. बक्षीस द्यायला उभे होते अकोल्याचे तेच प्राचार्य, ज्यांनी मला कधीकाळी कॉलेजच्या दारातून परत पाठवलं होतं. "वर्ग माडीवर आहेत. तुझ्यासाठी खाली आणायचे का?" असं ते हसत म्हणाले होते. आता त्यांनी मला ओळखलंही नाही. कार्यकर्ते धावत आले. "ताई, उचलून नेतो तुमाले." मी म्हणाले, "मले हात लावू नका. सरच खाली येतील." सर गुडघ्यावर हात टेकत एकेक पायरी उतरले आणि माझ्यासमोर वाकले. मी माइक मागून घेतला आणि त्यांचं ते वाक्य जसंच्या तसं सगळ्यांसमोर त्यांना ऐकवलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "बेटा, चुकलंच माझं," ते पुटपुटले. मी बक्षीस घेतलं आणि खुर्ची वळवली. आई अजून म्हणते, "म्हातारा झाला तो मानूस, सोडून दे आता." मी सोडलेलं नाही.